ढिगाचा ताप

काउपो, आधी हात काढ खिशातून.
हा लांब दांड्याचा थर्मामीटर
ढिगाच्या पोटात खुपसायचा, कोपरभर आत.
कडेला लावून काय कळणार?
कड खोटं बोलते.
कडेवर हिमाची साय धरलेली असते
आणि हातभर आत
तूले घोडीची लीद, वादळाने किनाऱ्यावर फेकलेलं काळं शेवाळ,
बटाट्यांच्या साली, राईचं काड
एकमेकांना खात बसलेले असतात,
कुणाला पत्ता न लागू देता.

किती? अठ्ठेचाळीस.
लिही. तारीख घाल. पेन्सिलनेच,
शाई या थंडीत उमटत नाही.

एंडेल लोखंडी सळई खुपसायचा.
अर्ध्या तासाने उपसून मनगटाला लावायचा:
चटका बसला तर ठीक,
नाही बसला तर लीद वाढव.
चाळीस वर्षं भागलं.
मग एका वर्षी ढीग तापलाच नाही.
ओला गच्च, दबलेला, श्वास कोंडलेला,
आणि याला घाई.
तसंच कच्चं घातलं सॅलडच्या वाफ्यांत.
जूनमध्ये आमच्या व्हिर्वेची धाकटी
अकरा दिवस इस्पितळात होती.
डॉक्टरांनी खताचं नाव काढलं नाही.
आम्हीही नाही.
पण एंडेलने सळई कुंपणापलीकडे भिरकावली,
फेरीबोटीने बेटाबाहेर गेला
आणि बुटांसाठी ठेवलेल्या पैशांतून
हा घेऊन आला.

घरात कुणाला ताप आला की आपण उतरवायला बघतो.
याचा चढवायचा असतो.
पंचावन्न. त्याच्या वर तीन दिवस.
मग दाताळं घे आणि उलथ:
बाहेरचं आत, आतलं बाहेर,
कारण काही जंतू कडेला जाऊन बसतात
अंग चोरून, तणाच्या बियांशेजारी.
त्यांनाही मधून जाऊन यायला लावायचं.
पुन्हा चढू दे, पुन्हा तीन दिवस.
असं पाचदा.
पाचव्या खेपेला पाठ बोलायला लागते.
बोलू दे.

सत्तर मात्र नको.
एंडेल गेला त्याच्या पुढच्या शरदात
रात्री अडीचला काटा त्र्याहत्तरवर होता.
डोळ्यांत पाणी आणणारा तिखट वास,
आत सगळं राखेसारखं पांढरं, कोरडं.
राबणारेच होरपळले तर खत करणार कोण?
मी नाइटगाऊनवर त्याचा कोट चढवला,
विहिरीच्या बादल्या ओतल्या, उलथत राहिले.
वाफ एवढी, की शेजारच्या लेंबिटला वाटलं
माझी सौना पेटली.
बादली घेऊन धावत आला. थांबला.
मग भिंतीला टेकलेलं दुसरं दाताळं उचललं.
बांधाच्या दगडांवरून आमचं भांडण
तेव्हा सात वर्षांचं होतं.
अजून आहे.
पण उजाडेपर्यंत छप्पन्न झाले होते.

एवढं झालं की वाटतं, झालं.
झालेलं नसतं.
निवणं वेगळं, मुरणं वेगळं,
दोन्हींच्या मध्ये अख्खा उन्हाळा जातो.
त्यानंतर बशीत मूठभर घे, वर अळीव पेर.
मुळं पांढरी, सरळ उतरली तर वाफ्यात घाल.
तपकिरी, आखूड राहिली तर झाकून ठेव
आणि मला विचारायला येऊ नकोस,
मी तेच सांगेन.

सळई?
ती मी नंतर जुनिपरच्या झुडपातून शोधून आणली.
वाटाणे चढतात तिच्यावर.

आता काय म्हणतोय काटा?
बावन्न. बघ, चढतोय.
वरून काड पसर, वारा आत शिरेल एवढंच विरळ.
वही चुलीजवळच्या खिळ्याला अडकव.
उद्या सातला ये.
माझ्या खिडकीत दिवा नसला
तरी आधी ढिगाकडे जा,
वाच,
लिहून ठेव,
मग दार वाजव.